लॅपटॉपवाल्यांनी महिनोन्महिने स्टार हॉटेलात राहावं का? मला तर नाही वाटत

सरळच सांगतो. लॅपटॉप घेऊन गावोगाव फिरत काम करणाऱ्या माणसानं आठ-दहा दिवस चांगल्या हॉटेलात काढले तर माझी काहीच हरकत नाही. पण दोन-दोन, तीन-तीन महिने स्टार हॉटेलात मुक्काम ठोकणं त्याच्या कामाला, खिशाला आणि तब्येतीला, तिन्हीला मानवत नाही, आणि ज्या गावात तो राहतो त्या गावाच्या पदरातही त्यातून फार काही पडत नाही. हे मी छत्रपती संभाजीनगरात बसून लिहितोय, गोव्यात किंवा मुंबईत बसून नाही, त्यामुळं उदाहरणं बहुतेक इथलीच येतील.

२०२० च्या लॉकडाऊननंतर हॉटेलवाल्यांनी वर्केशनची, म्हणजे हॉटेलात राहूनच काम करायची, पॅकेजेस काढली, नाश्ता, वायफाय, रोज दोन-चार कपड्यांची इस्त्री वगैरे धरून महिन्याचा एकच रेट. तेव्हा रूम रिकाम्या पडल्या होत्या, ऑफिसं बंद होती, त्यामुळं ते समजण्यासारखं होतं. पण तेव्हापासून लोकांच्या डोक्यात असं बसलंय की डिजिटल नोमॅड, म्हणजे असा फिरता लॅपटॉपवाला, म्हटलं की स्विमिंग पूल, पांढऱ्याशुभ्र चादरी आणि बाल्कनीत लॅपटॉप. आता आमच्याकडं समृद्धी महामार्ग जून २०२५ मधे पूर्ण झाला, नागपूर ते मुंबई ७०१ किलोमीटर, जालन्याची वंदे भारत नांदेडपर्यंत वाढली, शेंद्रा-बिडकीनला ऑरिक या औद्योगिक वसाहतीत मोठमोठे कारखाने यायलेत, तर आता बोलणं सुरू झालंय की हे फिरते कामकरी लोक इकडंही येतील, त्यांच्यासाठी अजून स्टार हॉटेलं पाहिजेत. लोक यावेत असं मलाही मनापासून वाटतं. पण त्यांच्यासाठी काय बांधायचं यात आपली गाडी चुकीच्या रस्त्याला लागायलीय.

आमच्या शहरातली चांगली हॉटेलं कुणासाठी झाली ते आधी बघा. अजिंठा आणि वेरूळ १९८३ ला जागतिक वारसा यादीत गेले. टुरिस्ट यायचा तो एक दिवस वेरूळ आणि देवगिरीचा किल्ला, दुसऱ्या दिवशी शंभर किलोमीटर जाऊन अजिंठा, मधे वेळ मिळाला तर बीबी का मकबरा, आणि तिसऱ्या दिवशी परतीची गाडी. सोमवारी अजिंठा बंद, मंगळवारी वेरूळ बंद, तेवढं जुळलं नाही तर एखादी रात्र जास्त. म्हणजे सगळी मांडणीच दोन रात्रींची. कपाट दोन रात्रींच्या कपड्यांपुरतं, बॅग ठेवायला तो पट्ट्यांचा स्टँड, टेबल म्हणजे आरशाखालची फळी. ज्याला दोन रात्री राहायचंय त्याला यात काही कमी नाही.

इथं एक जण मला म्हणाला की अहो, कंपनीवाले नाही का राहायचे महिनोन्महिने? खरंय. बजाजचा वाळूजचा कारखाना १९८५ चा, स्कोडा शेंद्र्यात २००१ पासून, आणि अशा कारखान्यांत मशिनरी बसवायला, लाइन सुरू करून द्यायला बाहेरून इंजिनियर आले की ते हॉटेलातच उतरायचे, अजूनही उतरतात. पण त्या माणसाचा दिवस बघा ना. सकाळी कंपनीची गाडी दारात, दिवसभर प्लँटवर, दुपारचं जेवण कँटीनला, संध्याकाळी दमून परत आणि बिल कंपनीच्या नावावर. तो हॉटेलात फक्त झोपायचा. नोमॅडचं ऑफिस तीच रूम, जेवायची जागा तीच, सुट्टीचा दिवसही त्याच चार भिंतीत, आणि बिल स्वतःच्या खिशातून. या दोघांची तुलनाच होत नाही.

मोठमोठी माणसं हॉटेलात राहिली असं पण सांगतात लोक, त्यात फॅशन डिझायनर कोको शनेलचं नाव हमखास येतं. ती पॅरिसच्या रिट्झ हॉटेलात १९३७ पासून, मधली काही वर्षं सोडली तर, १९७१ ला वारली तोवर राहिली हे खरं आहे. पण तिचं दुकान आणि कारागिरांची जागा हॉटेलच्या मागच्या बाजूला रू कँबाँ या रस्त्यावर ३१ नंबरला होती, तिथंच वर तिचा स्वतःचा फ्लॅट होता, आणि त्या फ्लॅटमधे बेडरूमच नव्हती. काम तिथं, पाहुणे तिथं, जेवणं तिथं, आणि झोपायला रिट्झ. म्हणजे तिनं सुद्धा हॉटेलाकडून फक्त रात्र घेतली, दिवस नाही, आणि तोही पैसा असा की आपण त्याचा विचार न केलेला बरा.

आता कामाचं. माझा मामेभाऊ जिंतूरकडचा, अमेरिकन कंपनीसाठी सॉफ्टवेअर टेस्टिंग करतो. पुण्यातली रूम सोडून तो इथल्या एका चांगल्या हॉटेलात महिन्याचा रेट ठरवून राहिला होता, मी अधूनमधून जायचो त्याच्याकडं. रूम देखणी होती, त्यात वाद नाही. पण बसायचं कुठं? आरशाखालच्या फळीत गुडघे जात नाहीत, खुर्ची गुबगुबीत, तिच्यात बसलं की माणूस खाली जातो आणि कोपरं खांद्याच्या लायनीत येतात. शेवटी त्यानं कपाटातला इस्त्रीचा बोर्ड काढून खिडकीपाशी लावला, कारण अख्ख्या रूममधे उंची कमी-जास्त करता येईल अशी तेवढी एकच वस्तू होती, त्यावर लॅपटॉप ठेवून तो उभ्यानं काम करायचा. बोर्डाला एक बारीक हेलकावा असतो, टायपिंग केलं की स्क्रीन हलायची, म्हणून खाली टॉवेलाची घडी घातलेली. महिन्याला लाखाच्या वर पैसे मोजून माणूस इस्त्रीच्या बोर्डावर नोकरी करायलाय हे मला तरी बघवलं नाही.

दुसरं ते की-कार्ड. दाराजवळच्या खाचेत कार्ड असेल तोवर रूमची लाइट, काढलं की सगळं बंद. दोन रात्रींच्या पाहुण्यासाठी ही सोय उत्तम आहे, वीज वाचते. पण याची मोठी फाइल अपलोड होत असायची, चार्जिंग लावलेलं असायचं, आणि हा कार्ड काढून खाली जेवायला गेला की चार्जर बंद, वायफायचा बूस्टर बंद. मग खाचेत जुनं ग्रंथालयाचं कार्ड अडकवून ठेवायचा आणि साफसफाईवाला आला की तो इमानदारीनं ते काढून टेबलावर ठेवायचा. चूक कुणाचीच नाही. दोघं आपापल्या जागी बरोबर आहेत, फक्त जागा कामासाठी केलेली नाही.

वेळेचा घोळ तर सगळ्यात मोठा, आणि याच्यावर कुणी बोलत नाही. न्यूयॉर्कला सकाळचे नऊ वाजतात तेव्हा आपल्याकडं उन्हाळ्यात संध्याकाळचे साडेसहा आणि हिवाळ्यात साडेसात. म्हणजे याचं काम संध्याकाळी सुरू आणि पहाटे अडीच-साडेतीनला बंद. झोप लागायला चार. हॉटेलचा नाश्ता साडेदहाला आवरतात, साफसफाई अकराच्या आसपास दार वाजवते, आणि दारावर डिस्टर्ब करू नका चा बोर्ड सलग लटकला तर दुसऱ्या दिवशी रिसेप्शनवरून काळजीनं फोन येतो, सर तब्येत बरी आहे ना. आणि ते बरोबरच करतात, एकट्या पाहुण्याची चौकशी केलीच पाहिजे. पण माझ्या भावानं नाश्त्याचे पैसे भरून नाश्ता जवळजवळ खाल्लाच नाही आणि सलग सात तास झोपही त्याला मिळाली नाही. हॉटेलचं घड्याळ सकाळी उठणाऱ्या माणसाचं आहे, त्यात रात्रपाळीवाला बसत नाही.

त्यात आमच्याकडची लग्नसराई. मराठवाड्यात स्टार हॉटेलाचं पोट बऱ्यापैकी लॉन आणि हॉलवर चालतं. तुळशीचं लग्न लागलं की जे सुरू होतं ते पार ज्येष्ठापर्यंत, मधे काय थोडी गॅप असेल ती. आणि वरात निघते कधी, तर संध्याकाळी सहा-साडेसहाला, बरोबर जेव्हा अमेरिकेचा कॉल सुरू होतो. बँड, डीजे, फटाके, खाली नवरदेव घोडीवर आणि वर चौथ्या मजल्यावर हा कानात दोन बोटं घालून क्लायंटला सांगायलाय की प्लीज रिपीट. वऱ्हाडाला तीस-चाळीस रूम दिल्या की त्या दिवशी वायफायवर शे-दीडशे मोबाईल एकदम येतात, हळदीचे व्हिडिओ वर चढवायला, आणि नेट बसतं. लग्न म्हणजे हॉटेलची कमाई, वेटरपासून फुलवाल्यापर्यंत कितीतरी घरं त्यावर चालतात, ती बंद करा असं मी कसं म्हणणार. मी एवढंच म्हणतो की ज्या इमारतीचं उत्पन्न आवाजावर उभं आहे तिथं शांततेची नोकरी करायला जाऊ नका.

नेटचा मुद्दा लागून आला म्हणून सांगतो. हॉटेलचं नेट वेगवान असलं तरी ते तुमचं नसतं. रोज किंवा एक दिवसाआड लॉगिनचं पान परत उघडतं, कुठं व्हीपीएन अडतं, राउटर कुठं आहे ते माहीत नाही, बंद पडलं तर दुरुस्ती त्यांच्या माणसाच्या ड्युटीवर. भाड्याच्या घरात सात-आठशे रुपयात शंभर एमबीपीएसचं फायबर कनेक्शन मिळतं, राउटर उशाशी, वर एक छोटा यूपीएस लावला की लाइट गेली तरी कॉल तुटत नाही. रिमोट कामात माणसाची इज्जत कनेक्शनवर असते, ती दुसऱ्याच्या हातात देऊ नये.

पैशाचं बघू. समजा तुम्ही घासाघीस करून रूम रोजी चार हजारावर आणली, तर तीस दिवसाचे एक लाख वीस हजार. सप्टेंबर २०२५ पासून रोजचं भाडं साडेसात हजारापर्यंत असेल तर जीएसटी ५ टक्के झालाय, म्हणजे वर सहा हजार, एकूण एक लाख सव्वीस हजार. खरंखुरं लक्झरी म्हणून आठ हजाराची रूम घेतली की १८ टक्क्यात गेलात, दोन लाख चाळीस हजारावर त्रेचाळीस हजार दोनशे फक्त टॅक्स. त्यात दुपारचं-रात्रीचं जेवण धरलेलं नाही, लाँड्रीचे दर नगावर आहेत ते धरलेलं नाही. याच शहरात सिडको, गारखेडा, उल्कानगरी अशा भागात फर्निचरसकट दोन बेडरूमचा फ्लॅट वीस-पंचवीस हजारात मिळतो, आणि स्वतः राहायला घेतलेल्या घराच्या भाड्यावर जीएसटी नाही. नेट, लाइट बिल, डबा, भांडी-झाडूवाल्या मावशी सगळं धरलं तरी चाळीस हजाराच्या आत माणूस राजासारखा राहतो.

यावर म्हणतात की हॉटेलचं बिल धंद्याच्या खर्चात दाखवता येतं. थांबा जरा. फ्रीलान्स करणारे बरेच जण प्रिझम्प्टिव्ह, म्हणजे अंदाजे नफा धरायच्या, पद्धतीनं इन्कम टॅक्सचं रिटर्न भरतात, ४४एडीए म्हणून जी आपल्याला माहिती आहे, तिच्यात जमा झालेल्या रकमेच्या निम्मा नफा धरला जातो आणि खर्चाची वेगळी वजावट मिळतच नाही, तुम्ही झोपडीत राहा नाहीतर महालात. आणि जीएसटीचं क्रेडिट म्हणाल तर हॉटेल ज्या राज्यात त्या राज्याचा टॅक्स लागतो, तुमचं रजिस्ट्रेशन बंगळुरूचं असेल तर महाराष्ट्रातल्या हॉटेलचा टॅक्स तुमच्या क्रेडिटला येत नाही. सीएला विचारल्याशिवाय कुणी या भरवशावर लाखाची बुकिंग करू नये.

आणि पत्ता! तीन महिने हॉटेलात राहिलेल्या माणसाकडं तीन महिन्याची पावत्यांची चळत असते पण पत्ता नसतो. बँकेचं काम, जीएसटीचं रजिस्ट्रेशन, गॅस, सगळीकडं राहण्याचा किंवा धंद्याचा पुरावा लागतो, आणि रजिस्टर केलेला लीव्ह अँड लायसन्स करार तिथं चालतो, हॉटेलची पावती चालत नाही. शेवटी पोरं गावाकडच्या घराचा पत्ता टाकतात आणि म्हाताऱ्या आई-बापाला पोस्टमनच्या मागं पळावं लागतं.

आता जेवणाचं आणि माणसांचं बोलतो, कारण मला सगळ्यात जास्त यातच बोलायचंय. हॉटेलच्या मेनूकार्डावर पन्नास भाज्या असतात आणि चव तीन ग्रेव्ह्यांची. आठवडाभर छान लागतं. तिसऱ्या आठवड्यात माणूस वरण-भात मागायला लागतो आणि महिन्यानंतर पोट बिघडतं. इकडं औरंगपुऱ्याच्या, सिडकोच्या गल्लीत मेस आहेत, ज्वारीची गरम भाकरी, पिठलं, ठेचा, शेंगदाण्याची चटणी, महिन्याचे पैसे एकदा दिले की विषय संपला, रविवारी हौस म्हणून शहागंजाकडं जाऊन नान खलिया खा. मामेभाऊ पुढं घर घेऊन राहिला तेव्हा त्याचा डबा यायचा त्या मेसच्या मावशींनी, दोन दिवस डबा तसाच परत गेला म्हणून थेट फोन केला होता, काय रं, डबा का खाईनास, बरं नाही का? त्याला खरंच ताप होता. त्याच मावशींच्या पोरानं गाडीवर बसवून दवाखान्यात नेलं.

हॉटेलातली पोरं वाईट असतात असं मी म्हणत नाही, उलट फार चांगली असतात, बीड-हिंगोलीहून आलेली, हॉटेल मॅनेजमेंट केलेली, दहा-दहा तास उभी राहून हसून बोलणारी. पण त्यांची शिफ्ट बदलते, ड्युटीवर पाहुण्याजवळ बसून गप्पा मारायची त्यांना मुभा नाही, आणि तुम्ही कायम सर किंवा मॅडमच राहता. एकट्यानं काम करणाऱ्या माणसाचा आधीच ऑफिसातला चहा गेलेला असतो, बाजूच्या टेबलावरचं माणूस गेलेलं असतं. त्याला परत अशा जागी ठेवायचं की जिथं सगळे अदबीनं वागतात आणि कुणी ओळखीचं होत नाही, हे मला त्याच्या तब्येतीच्या दृष्टीनं धोक्याचं वाटतं. महिन्यातून एकदा कुणीतरी तुमच्याशी तुमच्या नावानं भांडलं पाहिजे, गाडी नीट लाव म्हणून का होईना.

एवढं सगळं म्हटलं तरी हॉटेलच्या बाजूनं जे बोललं जातं त्यात दोन गोष्टी मला खोडता येत नाहीत.

एक म्हणजे पाणी आणि लाइट. आमच्या शहरात काही भागात आठ-आठ दिवसांनी नळाला पाणी येतं, पैठणचं एवढं मोठं धरण पन्नासेक किलोमीटरवर असताना. लातूरला तर २०१६ मधे मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं, ते आम्ही कुणी विसरलेलो नाही. हॉटेलात नळ सोडला की पाणी येतं, लाइट गेली की मिनिटात जनरेटर. बाहेरून आलेल्या माणसाला टँकरचा नंबर, मोटार कधी लावायची, टाकी किती भरली हे शिकायला वेळ लागतो, कबूल. पण हॉटेलचं ते पाणीही टँकरनंच येतं ना, आणि रोज चादरी-टॉवेल धुणारी, पूल भरून ठेवणारी इमारत माणशी किती पाणी वापरते आणि दोन बादल्यात आंघोळ-धुणं आवरणारं घर किती वापरतं, हा विचार दुष्काळी भागात करायलाच पाहिजे. तीन महिने राहणारा माणूस पाहुणा उरत नाही, तो पाण्यातला वाटेकरी होतो.

दुसरी गोष्ट जास्त बोचणारी आहे. माझी चुलत बहीण डिझायनर आहे, कंधारची, लंडनच्या कंपनीसाठी काम करते, दुपारी सुरू करून रात्री साडेदहा-अकरापर्यंत. तिला इथं तीन महिने राहायचं होतं. मी तिच्यासोबत घरं बघायला फिरलो. पहिला प्रश्न लग्न झालंय का. दुसरा, रात्री अकरापर्यंत कसलं काम असतं. मग आडनाव, आणि आडनावावरून नीट कळलं नाही तर गाव, मग खाणं-पिणं काय. एका ठिकाणी सगळं जमत आलं होतं, तर मालक म्हणाले तीन महिन्यासाठी कशाला, अकरा महिन्याचं असेल तर बघू, आणि तुमचे मिस्टर किंवा वडील सोबत राहणार असतील तर. ती शेवटी हॉटेलात गेली. नंतर मला म्हणाली, दादा तिथं मला कुणी काही विचारलं नाही, याचेच मी पैसे भरायलेय.

याला माझ्याकडं उत्तर नव्हतं. हॉटेल आधारकार्ड बघतं, पैसे घेतं आणि चावी देतं. दारावर माणूस असतो, कॅमेरा असतो, एकट्या बाईला रात्री बारालाही धाकधूक न होता येता येतं. बाबासाहेबांनी १९५० साली ज्या शहरात मिलिंद महाविद्यालय उभं केलं त्या शहरात आजही आडनाव ऐकून, धर्म बघून घर नाकारलं जातं, आणि शिकल्या-सवरल्या कॉलनीतच जास्त नाकारलं जातं, हे मी डोळ्यांनी बघितलंय. तेव्हा बरेच लोक हॉटेलात राहतात ते चैनीसाठी नाही, आपण त्यांना घर देत नाही म्हणून. परदेशी नागरिकांचं तर अजून अवघड, त्यांच्या मुक्कामाची सरकारकडं नोंद चोवीस तासात करायची असते, हॉटेलवाले ती सवयीनं करतात, घरमालकाला ते माहीतच नसतं आणि माहीत झालं की तो घाबरून नको म्हणतो. शिवाय भारतात असा फिरता कामगार म्हणून वेगळा व्हिसाच नाही. थायलंडनं २०२४ मधे पाच वर्षांचा काढला, एका वेळी १८० दिवस राहता येतं, पोर्तुगालनं २०२२ मधे काढला, मलेशियाचा आहे. आपल्याकडं टुरिस्ट व्हिसावर आलेल्या माणसाचं सगळं धूसर असतं. म्हणून मराठवाड्यात तूर्त जे येणार ते आपलेच, पुण्या-बंगळुरूचे, हैदराबादचे, आणि मुख्य म्हणजे इथूनच गेलेले आणि परत यायची इच्छा असलेले. त्यांना व्हिसा नको, घर पाहिजे.

बार्सिलोनाचं उदाहरण देऊन काही जण उलटी बाजू मांडतात, आणि ती मी हसण्यावारी नेणार नाही. तिथं टुरिस्टांना दिलेल्या फ्लॅटमुळं गावच्या लोकांना भाडं परवडेना, म्हणून २०२४ मधे तिथल्या महापौरांनी जाहीर केलं की २०२८ च्या नोव्हेंबरपर्यंत असे दहा हजारावर परवाने बंद करणार. म्हणजे बाहेरच्यांनी हॉटेलातच राहावं, वस्तीतली घरं वस्तीला राहू द्यावी. बार्सिलोनासाठी ते बरोबर असेल. पण तिथला त्रास रोज बदलणाऱ्या पाहुण्यांचा आहे, तीन महिने राहून गल्लीतल्या किराणा दुकानाची उधारी फेडणाऱ्या भाडेकरूचा नाही. आणि आमच्याकडं उलट स्थिती आहे. कित्येक अपार्टमेंटमधे पोरं पुण्याला, बाहेरदेशी गेल्यामुळं कुलपं लागलेली आहेत, मालकाला भाडं नको असं नाही, कटकट नको असते.

आणि तीन-चार महिन्याचं घर फक्त लॅपटॉपवाल्यालाच लागतं असं कुठंय? घाटीत, म्हणजे इथल्या सरकारी दवाखान्यात, पेशंट ॲडमिट आहे आणि केमोसाठी वारंवार यावं लागतं ते कुटुंब, लातूरला मेडिकलच्या नीट परीक्षेच्या रिपीटर बॅचला आलेली पोरगी आणि तिच्यासोबत राहायला आलेली आई, एमआयडीसीत सहा महिन्याच्या ट्रेनिंगला आलेली डिप्लोमाची पोरं, कंत्राटी नर्स, या सगळ्यांना हेच पाहिजे, स्वच्छ खोली, पाणी, टेबल-खुर्ची, स्वयंपाकाला ओटा, आणि अकरा महिन्याची सक्ती नको. नोमॅडच्या नावानं जर हे काम झालं तर त्याचा फायदा गावातल्या माणसाला होतो. पंचतारांकित हॉटेलातल्या लाँग स्टेचा फायदा हॉटेलच्या हिशेबात राहतो.

सरकारकडं काही नाही असंही नाही. राज्याचं २०२४ चं पर्यटन धोरण आहे, त्यात दहा वर्षांत एक लाख कोटीच्या गुंतवणुकीचं उद्दिष्ट धरलंय, पण गुंतवणूक म्हटलं की सगळ्यांची नजर मोठ्या प्रोजेक्टवर जाते. निवास-न्याहारीची योजना कितीतरी वर्षांपासून आहे, २०२० चं कृषी पर्यटनाचं धोरण आहे, आणि २०२३ च्या ‘आई’ नावाच्या योजनेत पर्यटनाचा धंदा करणाऱ्या बाईला पंधरा लाखापर्यंतच्या कर्जावरचं व्याज परत मिळायची सोय आहे. वेरूळच्या, खुलताबादच्या, पैठणच्या बाईनं घराच्या वरच्या मजल्यावर दोन खोल्या काढल्या, एक चांगलं टेबल, एक पाठीला टेकू देणारी खुर्ची आणि फायबर घेतलं, तर हिवाळ्यात हुरड्याच्या दिवसात तिच्याकडं महिना-महिना राहणारे मिळतील, याची मला खात्री आहे. हे जिल्हा पातळीवर बँकेच्या मॅनेजरनं आणि पर्यटन खात्यानं दारोदार जाऊन सांगायला पाहिजे, जीआर काढून वेबसाइटवर ठेवून चालणार नाही.

हॉटेलवाल्यांनाही माझं सांगणं आहे, विरोध नाही. ज्यांच्याकडं जागा आहे त्यांनी लॉनपासून लांबचा एक मजला वेगळा करावा, तिथं खरं टेबल, खरी खुर्ची, एक शेगडी, दोघा-चौघांत एक वॉशिंग मशीन, साफसफाईची वेळ पाहुण्यानं ठरवायची, कार्ड काढलं तरी एक प्लग चालू. त्याचं भाडं महिन्याचंच सांगावं, रोजाचं नाही. ते हॉटेलच असेल पण त्यात माणूस राहू शकेल, आणि बहिणीसारख्या बाईला तिथली सुरक्षाही मिळेल.

बाकी जे करायचं ते आमच्याच हातात आहे. आमच्या अपार्टमेंटमधे चार फ्लॅट बंद आहेत, आणि सोसायटीनं मागं ठराव करून ठेवलाय की बॅचलरला आणि एकट्या बाईला भाड्यानं द्यायचं नाही. महाराष्ट्रात लीव्ह अँड लायसन्स ऑनलाइन रजिस्टर होतो, तीन महिन्यांचाही होतो, पोलिसांकडं भाडेकरूची माहिती ऑनलाइन देता येते, मग भीती कशाची आहे ते एकदा समोरासमोर बोलून घेऊ. येत्या वार्षिक सभेत हा ठराव रद्द करायचा विषय मी लेखी दिलाय, आणि सेक्रेटरी काकांना सांगितलंय की भाडेकरूच्या माहितीच्या फॉर्ममधला जातीचा आणि लग्नाचा रकाना पण त्याच दिवशी काढून टाकायचा.